छुपे प्रायोजकत्व : ‘पेड न्यूज’पासून समाजमाध्यमांपर्यंत – एक चिकित्सा

प्रस्तावना

जाहिरात हा आधुनिक व्यापाराचा मान्य व्यवहार आहे. पैसे घेऊन एखाद्या वस्तूची प्रशंसा करणे हा स्वतःहून अपराध ठरत नाही. मात्र मोबदला दडवून तीच प्रशंसा स्वानुभव किंवा बातमी म्हणून मांडली जाते, तेव्हा नीतीचा प्रश्न उपस्थित होतो. ब्लॉग व समाजमाध्यमांच्या संदर्भात या प्रश्नाची चर्चा सध्या होत असली, तरी महाराष्ट्राला त्याचा परिचय वृत्तपत्रांच्या माध्यमातून यापूर्वीच झालेला आहे. प्रस्तुत लेखात त्या अनुभवाच्या आधारे विद्यमान नियमांची चिकित्सा केली आहे.

२००९ चा अनुभव

ऑक्टोबर २००९ मध्ये दोन घटना घडल्या. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने शिफारशींविषयीच्या आपल्या १९८० च्या मार्गदर्शिकेत सुधारणा जाहीर करून मोबदला घेणाऱ्या ब्लॉगलेखकांनाही तो उघड करण्याच्या कक्षेत आणले. त्याच महिन्यात महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक झाली. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण हे नांदेड जिल्ह्यातील भोकर मतदारसंघातून निवडून आले. प्रचारकाळात त्यांच्या कार्याचा गौरव करणारा मजकूर मराठी दैनिकांत पानेच्या पाने प्रसिद्ध झाला होता. परस्परांच्या स्पर्धक असलेल्या दैनिकांत एकच लेख शब्दशः आढळतो, ही बाब पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मधून उजेडात आणली. निवडणूक खर्चाच्या हिशेबात वृत्तपत्रीय जाहिरातींवरील खर्च मात्र केवळ ५,३७९ रुपये दाखविला होता.

चव्हाण यांनी आरोप नाकारले. पराभूत उमेदवार माधवराव किन्हाळकर यांनी निवडणूक आयोगाकडे दाद मागितली. आयोगाला खर्चाच्या हिशेबाची सत्यता तपासण्याचा अधिकार आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१४ रोजी दिला. त्यानंतर आयोगाने चव्हाण यांच्याविरुद्ध दिलेला आदेश सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला. दरम्यान, भारतीय प्रेस परिषदेने परंजॉय गुहा ठाकुरता व के. श्रीनिवास रेड्डी यांच्या उपसमितीकडून ‘पेड न्यूज’वर अहवाल तयार करवून घेतला, परंतु २०१० मध्ये तो पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध केला नाही. केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये तो वाचकांसमोर आला. छुप्या मोबदल्याविषयीचा अहवालच काही काळ छुपा राहिला, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

नैतिक दोषाचे स्वरूप

छुप्या प्रायोजकत्वाचा दोष असत्यात आहे, असे सामान्यतः समजले जाते. ही समजूत अपुरी आहे. एखाद्याने सोलापुरी चादरीची केलेली स्तुती अक्षरशः खरी असू शकते. तरीही ती चादर विक्रेत्याने त्याला फुकट दिली असेल आणि हे त्याने सांगितले नसेल, तर वाचकाची फसवणूक होतेच. साक्षीदाराचे पक्षकाराशी नाते काय, हे न्यायालय साक्षीचे मोल ठरविण्यापूर्वी पाहते. वाचकही तेच करीत असतो. मोबदला दडविणारा लेखक वाचकाचा हा तोलण्याचा अधिकारच हिरावून घेतो.

‘हे सर्वांना ठाऊकच असते’ असा बचाव केला जातो. तो तर्काला धरून नाही. सर्वांना ठाऊक असते, तर उघड जाहिरात सोडून छुप्या मजकुरासाठी कोणी पैसे मोजले नसते. प्रायोजक खरेदी करतो तो वाचकाचा विश्वास.

नियमांची मर्यादा

भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिराती व शिफारशींविषयी नियम केले. ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शिकेनुसार रोख रकमेबरोबरच मोफत वस्तू, सहली आणि कौटुंबिक किंवा नोकरीचे संबंधही उघड करणे आवश्यक आहे. चित्रफितीत हा खुलासा दिसलाही पाहिजे आणि ऐकूही आला पाहिजे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत, तर पुनरावृत्तीसाठी ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

या तरतुदी स्वागतार्ह असल्या तरी त्यांत दोन उणिवा जाणवतात. पहिली म्हणजे ग्राहक कायद्याचा विषय वस्तू व सेवा हा आहे. उमेदवार ही वस्तू नव्हे. निवडणूक आयोगाने २०१३ पासून समाजमाध्यमांवरील प्रचारखर्च हिशेबात दाखविणे बंधनकारक केले आहे. परंतु हिशेब आयोगाकडे जातो, तर मजकूर मतदाराकडे. साबणाची शिफारस वाचणाऱ्याला ग्राहक कायद्याने दिलेले संरक्षण उमेदवाराची शिफारस वाचणाऱ्याला मिळत नाही.

दुसरी उणीव पुराव्याची आहे. देणारा आणि घेणारा या दोघांचेही हित मौनात असते. २००९ मध्ये संशयाला आधार मिळाला तो शब्दशः समान मजकुरामुळे. आज शेकडो व्यक्ती तीच प्रशंसा आपापल्या शब्दांत, आपापल्या बोलीत करू शकतात. तेव्हा तो आधारही उरत नाही. शिवाय वृत्तपत्रात संपादकीय व जाहिरात हे विभाग निदान कागदोपत्री वेगळे असतात. समाजमाध्यमांवर ही दोन्ही कामे बहुधा एकच व्यक्ती करते. म्हणून खुलाशाची जबाबदारी केवळ बोलणाऱ्यावर न ठेवता, पैसे देणाऱ्याने कोणाला किती मोबदला दिला याची नोंद जनतेला पाहता येईल अशी व्यवस्था असणे अगत्याचे आहे.

समारोप

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी आपल्या पत्राला ‘दर्पण’ हे नाव दिले. आरशाची किंमत कोणी मोजली यावर त्यातील प्रतिबिंब बदलू लागले, तर तो आरसा राहत नाही. हा निकष शिक्षणसंस्थांनाही लागू पडतो. प्रवेशाच्या हंगामात महाविद्यालयांची ओळख करून देणारे लेख व चित्रफिती प्रसिद्ध होतात. त्यांमागे मोबदला असेल, तर तसा स्पष्ट उल्लेख करणे हे महाविद्यालयाचे कर्तव्य ठरते. विद्यार्थ्यांना माध्यम-साक्षरतेचे धडे देणाऱ्या संस्थेने त्याची सुरुवात स्वतःच्या माहितीपत्रकापासून करावी, हेच उचित होय.