एका किलोमीटरचे गणित

भाईंदर पश्चिमेकडून उत्तनला जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धे, राई आणि मोरवा ही गावे लागतात. मोरव्याला केंद्र धरून नकाशावर एक किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले, तर त्यात घरांच्या मानाने मिठागरे आणि तिवरांची जमीनच अधिक दिसेल. हेच वर्तुळ मिरा रोड स्टेशनाभोवती काढा. तेथे इमारतीला इमारत खेटलेली आढळेल. दोन्ही ठिकाणी अंतर एकच. पण त्यातली मुले सारखी नाहीत.

राज्य शासनाने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी शिक्षणहक्काच्या नियमांत दुरुस्ती केली. खाजगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर त्या खाजगी शाळेला वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी २५ टक्के जागा ठेवण्यातून सूट मिळाली. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ही दुरुस्ती रद्द केली. न्यायालयाने कायद्याची बाजू पाहिली. आम्हाला येथे मोजमापाची बाजू तपासायची आहे.

हा किलोमीटर आला कोठून? २०१० च्या केंद्रीय नियमांनुसार पहिली ते पाचवीच्या मुलांना चालत जाण्याजोग्या एक किलोमीटरच्या आत शाळा हवी. म्हणजे ही लहान मुलाच्या पायांची मर्यादा होती आणि जबाबदारी शासनाची होती. २०२४ च्या दुरुस्तीत तीच संख्या खाजगी शाळेच्या सुटकेसाठी वापरली गेली.

आता थोडे गणित करू. मिरा-भाईंदरचे क्षेत्रफळ सुमारे ७९ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्या ८,०९,३७८. आपल्या वर्तुळाचे क्षेत्रफळ ३.१४ चौरस किलोमीटर. म्हणजे सरासरीने त्यात ३२ हजार माणसे राहतात. समजा, त्यांतील दहांत एक मूल प्राथमिक वयाचे आहे. मग मुले झाली ३,२००. वर्तुळात एक सरकारी शाळा 'आहे', एवढ्यावर या सर्वांची सोय झाली असे मानायचे काय? अंतर कळले, पण शाळेत किती वर्ग, किती शिक्षक, किती बाके, हे त्यातून कळत नाही.

शासनाची अडचण अगदीच खोटी नव्हती. प्रत्येक मुलामागे खाजगी शाळेला १७,६७० रुपयांपर्यंत प्रतिपूर्ती द्यावी लागते, ती थकते आणि शाळा तक्रार करतात. हा पैसा आपल्याच शाळांवर खर्चावा, हा विचार आम्हालाही पटतो. पण मग आधी त्या शाळांत शिक्षक, प्रयोगशाळा आणि स्वच्छतागृहे द्यावीत. शाळा भक्कम झाल्या की पालक आपोआप तिकडे वळतील. आधी दार बंद करून मग शाळा सुधारण्याचे आश्वासन देणे, हा उलटा क्रम झाला.

शिक्षकमित्रांना एक विनंती. आपल्या शाळेभोवती हे वर्तुळ मुलांकडूनच काढून घ्या. मग घरापासून शाळेपर्यंतची पावले मोजायला सांगा. खाडी, रेल्वेमार्ग, हमरस्ता ओलांडताना सरळ रेषेतला किलोमीटर पायांखाली किती लांबतो, ते वहीत नोंदवा. भूमितीचा तास होईल, आणि पुढच्या वेळी असा नियम आला तर बोलायला आपल्या हाती आकडे असतील.