वास्तुविशारदाची ‘भाषा’ आणि घरमालकाचा होकार

वास्तुविशारद आणि घर बांधवून घेणारा गृहस्थ यांच्यामधील व्यवहार हा प्रथमतः भाषिक व्यवहार होय. रेघ मागाहून येते. आधी बोलणे होते. एकाला काय हवे ते शब्दांत सांगता येत नाही, आणि दुसऱ्याजवळचे शब्द नकाशाचे असतात. ही अडचण भाषेचीच आहे असे मानून तिला हात घालणारा विचारवंत म्हणजे क्रिस्टोफर अलेक्झांडर (१९३६–२०२२). सहकाऱ्यांसह त्याने १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाचे नावच मुळी ‘अ पॅटर्न लँग्वेज’ असे आहे. यातील ‘लँग्वेज’ हा शब्द इतरांना रूपक म्हणून सोडून देता येईल. भाषेच्या अभ्यासकाला ती सवलत नाही.

या ग्रंथापूर्वीचा अलेक्झांडर निराळा होता. १९६४ च्या ‘नोट्स ऑन द सिंथेसिस ऑफ फॉर्म’ मध्ये त्याने एका भारतीय खेड्याच्या १४१ गरजा नोंदवून गणिताच्या साहाय्याने त्यांचे गट पाडले. यादी बारकाईची आहे; परंतु तीत गावकरी बोलत नाही, त्याच्याविषयी बोलले जाते. १९७७ च्या ग्रंथात हे उलटते. येथे २५३ आकृतिबंध आहेत; शहरांच्या विभागणीपासून ते भिंतीवर मांडायच्या आपल्या आयुष्यातील वस्तूंपर्यंत ते क्रमाने उतरत जातात, आणि प्रत्येक आकृतिबंध वरच्या व खालच्या काही आकृतिबंधांशी जोडलेला असतो. सहा फुटांहून कमी खोलीची गच्ची कोणी वापरत नाही. दोन बाजूंनी उजेड येणारी खोली माणसे आपण होऊन निवडतात. अशी विधाने घरमालकालाही उच्चारता येतात, पडताळता येतात. ग्रंथाचे खरे मोल येथे आहे, आणि ते थोडे नाही.

१२७ वा आकृतिबंध सांगतो की दारापासून आत जाताना खाजगीपणा पायरीपायरीने वाढावा. ओटी, माजघर, देवघर हे शब्द ज्याच्या कानावरून गेले आहेत त्याला यात नवल वाटणार नाही. परक्या माणसाने कोठपर्यंत यावे, हे त्या शब्दांतच होते. आज गृहस्थ ‘टू बीएचके’ म्हणत येतो. तो शब्द केवळ मोजतो.

परंतु शब्दसंग्रह म्हणजे भाषा नव्हे. या आकृतिबंधांची घडण पाहावी: आधी समस्या, मग ‘म्हणून’, आणि त्यापुढे आज्ञार्थी वाक्य. असे करा, तसे ठेवा. काही आकृतिबंधांना दोन तारका, काहींना एक, काहींना एकही नाही. ग्रंथकर्त्यांचा विश्वास किती, हे त्यांवरून कळते. म्हणजे शंका घेण्याची सोय आहे, पण ती ग्रंथकर्त्यांपुरती. जिच्यात ऐकणाऱ्याला प्रश्न विचारण्याची व ‘नाही’ म्हणण्याची रूपे नाहीत, तिला भाषा म्हणावे काय?

मेक्सिकोतील मेक्सिकाली येथे १९७५–७६ मध्ये या भाषेची कसोटी झाली. तीस घरांची योजना होती, बांधली गेली पाच. प्रत्येक कुटुंबाने आकृतिबंधांच्या आधारे आपले घर स्वतः आखले, आणि एका घराचा नकाशा दुसऱ्यासारखा झाला नाही. हे यश निःसंशय मोठे. मात्र पुढील काही वर्षांत तेथे गेलेल्या अभ्यासकांना निराळे दृश्य दिसले: पाचांनी मिळून वापरायची जागा कुटुंबांनी भिंती घालून वाटून घेतली होती. योजना पुढे सरकली नाही याला शासनाने पाठिंबा काढून घेणे हे कारण देता येते. भिंतींना ते पुरत नाही. घराविषयी ही कुटुंबे बोलली, सामाईक अंगणाला मात्र त्यांनी बहुधा केवळ संमती दिली.

संमतीची ही जात मराठी भाषकाला चांगली परिचित आहे. ‘हवे’ आणि ‘चालेल’ यांत केवढे अंतर आहे! ‘चालेल’ म्हणणारा विरोध करीत नाही, इच्छाही सांगत नाही. समोरच्याचा मान राखून तो आपला नकार गिळतो. प्रस्तुत लेखकाने स्वतःच्या घराच्या वेळी चार फुटी गच्चीचा नकाशा पाहून हाच शब्द उच्चारला होता. वास्तुविशारदाने तो होकार म्हणून टिपून घेतला, आणि त्यात त्याची चूक होती असे म्हणवत नाही. त्या गच्चीत आजवर कोणी बसलेले नाही. तेथे कपडे वाळतात.