क्रमांक ६०६८२४ : ओळख, वय आणि मोल

गांधीहत्येवरील लेखनात एक आकडा हमखास भेटतो : ६०६८२४. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीच्या बिर्ला भवनात नथुराम गोडसेकडून जप्त झालेल्या बेरेट्टा पिस्तुलाचा हा क्रमांक. त्यापाठोपाठ अनेक ठिकाणी 'इटलीत १९३४ साली तयार झालेले' असे वाक्य येते. माझ्या टिपणवह्यांतही ते बरीच वर्षे तसेच उतरलेले आहे. जुन्या हत्यारांचे संग्राहक वय कसे ठरवतात हे वाचू लागलो, तेव्हा या वाक्याविषयी शंका आली. हे १९३४ क्रमांकातून आले, की नावातून?

'मॉडेल १९३४' हे नमुन्याचे नाव आहे. हा नमुना दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतरही बनत राहिला. म्हणजे १९४२ साली कारखान्यातून निघालेल्या पिस्तुलाच्या नावातही १९३४ असणारच. पहिल्या आवृत्तीची प्रस्तावना दहाव्या आवृत्तीतही छापलेली असते. तिच्याखालची तारीख पाहून हातातली प्रत तेव्हाची ठरवावी, तसाच हा प्रकार झाला.

मग साल कोठे पाहायचे? ब्रेशियाजवळच्या गार्दोने व्हाल त्रोम्पिया येथे बेरेट्टा घराण्याचा कारखाना आहे. व्हेनिसच्या शस्त्रागाराला बंदुकीच्या १८५ नळ्या दिल्याची १५२६ सालची नोंद हे घराणे आपला आरंभ मानते. मुसोलिनीच्या काळातील या पिस्तुलांच्या स्लाइडवर, म्हणजे वरच्या सरकत्या भागावर, नमुन्याच्या नावानंतर सहसा दोन वर्षे कोरलेली असतात. एक इसवी सन, दुसरे रोमन अंकांतील फॅसिस्ट वर्ष. फॅसिस्ट वर्ष ऑक्टोबरच्या अखेरीस बदलत असे. त्यामुळे १९३७च्या उन्हाळ्यातील पिस्तुलावर पंधरा हा अंक हवा, त्याच वर्षीच्या डिसेंबरमधल्यावर सोळा. शकात ७८ मिळवायचे की ७९, हे महिना पाहून ठरवणाऱ्या आपल्या वाचकाला ही रीत समजावून सांगायला नको. सनाशी या दोहोंपैकी एकही अंक जुळत नसेल, तर कोरीव मजकुरावरच संशय घ्यावा. युद्धाच्या शेवटच्या काळातील काही पिस्तुलांवर मात्र साल नाही. तेथे क्रमांकाचा आधार घ्यावा लागतो.

क्रमांकांची कोष्टके संग्राहकांनी मुख्यतः हाती आलेल्या, साल कोरलेल्या नगांवरून रचली आहेत. ती अंदाजाची कक्षा देतात, जन्मतारीख नव्हे. किमतीच्या बाबतीतही क्रमांक एकटा पुरत नाही. स्लाइड आणि सांगाडा यांवरचे क्रमांक जुळतात का, मूळचा मुलामा शाबूत आहे का, सैन्याची किंवा पोलिसांची खूण खरी आहे का, मॅगझिन त्याच काळचे आहे का, हे सारे पाहावे लागते. नव्याने चकाकवलेले पिस्तूल गिऱ्हाइकाला भुलवते, पण जाणकाराच्या लेखी त्याची किंमत उतरते. कोणी क्रमांकच खरवडला किंवा बदलला, तर प्रश्न किमतीपुरता राहत नाही. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या आठव्या कलमाने त्याला मनाई आहे.

आता ६०६८२४कडे परत येऊ. लाल किल्ल्यातील खटल्यात, ज्याचा निकाल १० फेब्रुवारी १९४९ रोजी लागला, या आकड्याचे काम नेमके होते : जप्त झालेले पिस्तूल ते हेच, दुसरे नव्हे, एवढे पटवणे. पिस्तुलाचा माग ग्वाल्हेरपर्यंत काढला गेला, तोही माणसांच्या जबान्यांवरून. गार्दोने ते ग्वाल्हेर या प्रवासाच्या इटालियन अधिकाऱ्याच्या, ॲबिसिनियाच्या मोहिमेच्या कथा सांगितल्या जातात. त्यांच्याशेजारी हा सहा आकडी क्रमांक छापला की कथेलाही पुराव्याचे वजन आल्यासारखे वाटते. माझा आक्षेप याला आहे. क्रमांक पिस्तुलाची ओळख पटवतो. ते कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेले, हे तो सांगत नाही.

बाजारात विक्रेते नेमके हेच करतात. हत्यार साधे, गोष्ट मोठी, आणि भाव गोष्टीचा. म्हणून मुरलेला संग्राहक आधी लोखंड वाचतो, गोष्ट मागाहून ऐकतो. इतिहास लिहिणाऱ्याने याहून ढिले असू नये. या पिस्तुलाला तर भाव लावण्याचा प्रश्नच येऊ नये. ते एका खुनाच्या खटल्यातील मुद्देमाल आहे आणि त्याचे मोल पुराव्याचे आहे. तेव्हा 'बेरेट्टा, नमुना १९३४, क्रमांक ६०६८२४' एवढे लिहावे आणि थांबावे. बनावटीचे साल द्यायचेच असेल, तर स्लाइडवरचा मजकूर वाचून द्यावे. माझ्या वह्यांतले ते जुने वाक्य मी खोडले आहे.