हॉलिवूडवर रुसलेला प्रेक्षक

१९७८च्या ऑस्कर सोहळ्यात पुरस्कार घेताना अभिनेत्री व्हेनेसा रेडग्रेव्ह यांनी आपल्या विरोधकांना ‘झायोनिस्ट गुंड’ म्हटले. त्याच रात्री पटकथाकार पॅडी चायेफ्स्की मंचावर आले आणि त्यांनी सुनावले, की ऑस्कर मिळाल्याने इतिहासाला कलाटणी मिळत नाही, साधे आभार मानले असते तरी पुरे होते. टाळ्यांचा कडकडाट झाला.

अमेरिकेतल्या परंपरावादी प्रेक्षकाची आजची तक्रारही हीच आहे आणि ती रास्त आहे. तिकीट काढून गोष्ट पाहायला आलेल्या माणसाला त्याचे मत आणि श्रद्धा कशी मागासलेली आहे, हे ऐकवण्याचा अधिकार अभिनयाच्या पुरस्काराने मिळत नाही. त्यातून हार्वी वाइनस्टीनसारखा निर्माता डेमोक्रॅटिक पक्षाला देणग्या देत मिरवत होता आणि २०१७ साली त्याचे लैंगिक अत्याचार उघडकीस आले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, असे प्रेक्षकाला वाटले तर त्याचे काय चुकले?

पण नाण्याला दुसरी बाजू आहे: सिनेमा आणि राजकारणाची सरमिसळ परंपरावाद्यांनीही केली. १९४७ साली संसदीय समितीने कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून चित्रपटवाल्यांची चौकशी केली. उत्तरे नाकारणारे दहा जण तुरुंगात गेले आणि कित्येकांची कामे गेली. रोनाल्ड रेगन पडद्यावरूनच राजकारणात आले. दूरचित्रवाणीने घराघरांत पोहोचवलेल्या ट्रम्प यांनी २०२५ साली जॉन व्हॉइट, मेल गिब्सन आणि सिल्व्हेस्टर स्टॅलोन यांना हॉलिवूडसाठी आपले विशेष दूत नेमले. तारे आपल्या बाजूचे असले की तारकापूजा खटकत नाही, हा दुटप्पीपणा आहे.

खरा प्रश्न कलेचा आहे. ‘गॉड्स नॉट डेड’ (२०१४) या श्रद्धाळू चित्रपटातला नास्तिक प्राध्यापक पहिल्या तासापासूनच खलनायक आहे. शेवटी त्याला मोटार उडवते आणि मरता मरता तो येशूला शरण जातो. त्याचा युक्तिवाद मनापासून ऐकून घ्यायची लेखकाची तयारीच नाही. त्याच वर्षी क्लिंट ईस्टवूड यांचा ‘अमेरिकन स्नायपर’ आला. त्यात इराकमधला एक पोरगा मेलेल्या माणसाचे रॉकेट लाँचर उचलू पाहतो. दुर्बिणीतून नेम धरलेला नायक पुटपुटत राहतो, ते उचलू नकोस. पोरगा ते टाकून पळतो आणि नायकाचा कोंडलेला श्वास सुटतो. देशभक्ती, युद्ध, पाप, सगळे त्या क्षणात आहे आणि भाषण एकही नाही. अमेरिकेत त्या चित्रपटाने सुमारे ३५ कोटी डॉलर कमावले.

म्हणून परंपरावाद्यांना माझे सांगणे आहे: बहिष्काराच्या हाका पुरे झाल्या. ईस्टवूडच्या तोडीचे दिग्दर्शक आणि पटकथाकार घडवण्यासाठी पैसा, वेळ आणि धीर खर्च करा. मंचावरचे प्रवचन नको असेल, तर पडद्यावरचे प्रवचनही नको.