२५ टक्के जगली, म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात वणव्यानंतर लावलेल्या पाँडेरोसा पाईनबद्दल वाचायला लागलात, की एक आकडा भेटतोच: २५ टक्के. तो २०१५ च्या एका पेपरातला आहे. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोत २००२ ते २००५ दरम्यान जळालेल्या ८ जागा, आणि लावलेल्या रोपांपैकी सरासरी २५ टक्के जिवंत. पेपर चांगला आहे, हे आधीच सांगते. लागवड केलेले आणि न केलेले, असे दोन्ही भाग त्यांनी मोजले. माझं भांडण आहे ते हा आकडा पुढे जसा वापरला जातो त्याच्याशी.

मुळात लागवड का करावी लागते? या पाईनचं बी वाऱ्यावर जातं, पण फार लांब नाही. बहुतेक बी झाडाच्या आसपासच पडतं. शेकडो हेक्टरचं जंगल सलग जळालं की मधल्या भागात बी पोचतच नाही. म्हणून मग रोपवाटिकेतली रोपं.

आता त्या सरासरीकडे या. तिच्यासोबत स्टँडर्ड एरर दिलाय, ८. जागाही ८. साधं गणित करा: ८ ला ८ च्या वर्गमुळाने गुणलं की स्टँडर्ड डेव्हिएशन येतं जवळजवळ २३. सरासरीइतकंच! म्हणजे कुठे रोपं जवळपास साफ झाली असणार, तर कुठे निम्म्याच्या आसपास टिकली असणार. बरोब्बर २५ टक्के जगलेली जागा कदाचित एकही नसेल. जागाजागांत मोठा फरक आहे, असं लेखकांनी स्वतःच लिहिलंय. पण आकडा उचलताना नेमकं तेच वाक्य गळतं आणि हिशेब सुचतो: चौथा हिस्सा जगतो ना, मग चौपट लावा.

चौपट लावून काय होणार? तिथेही जुलैत पाऊस येतो, आणि तेही त्याला मॉन्सूनच म्हणतात. त्याआधीचा कोरडा मे-जून तुम्हाला वेगळा सांगायला नको. वसंतात लावलेल्या रोपाची मुळं तेव्हा फार खोल गेलेली नसतात आणि माती वरून वाळत जाते. अशा वेळी उत्तरेकडचा उतार किंवा आडव्या पडलेल्या जळक्या ओंडक्याची सावली रोपाला तारू शकते. गँबेल ओकची गोष्ट जरा गुंतागुंतीची. तो वणव्यानंतर बुडापासून पुन्हा फुटतो, सावलीही देतो आणि पाणीही पितो. कुठलं पारडं जड, ते त्या त्या जागेवर ठरतं. उघड्या दक्षिण उतारावर चारच्या जागी सोळा रोपं लावलीत, तर सोळाच्या सोळा वाळू शकतात.

वाढीच्या आकड्यांबद्दलची तक्रार वेगळी आहे. उंची मोजतात ती जिवंत रोपांची. खुरटलेली आधीच मेलेली असतात, त्यामुळे सरासरी उंची आपोआप फुगते. वाईट जागेतही वाढ छान झाली, असं कुठे वाचलंत तर किती रोपं मोजली ते आधी बघा.

अशा अभ्यासात मला खरं तर जागावार आकडे हवे असतात, लागवडीचा महिना हवा असतो, आणि पहिल्या उन्हाळ्यानंतरची मोजणी वेगळी हवी असते. कितीतरी वर्षांनी एकदाच जाऊन मोजलं, तर रोप पहिल्याच जूनमध्ये वाळलं की पाचव्या वर्षी झुडपाखाली गुदमरलं, हे कसं कळणार? आणि त्या दोन्हींवरचे उपाय तर अगदी वेगळे आहेत.