‘सर्वांत मोकळे’ चॅनेल : कोणाच्या दृष्टीने?

वाय-फायचा राउटर आपले चॅनेल आपणच निवडतो, ही गोष्ट त्याच्या माहितीपत्रकात गुण म्हणून नोंदलेली असते. निवड होते हे खरे. परंतु ती कोणत्या पुराव्यावर होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ‘होस्टएपीडी’ या लिनक्सवर चालणाऱ्या आज्ञावलीची मूळ संहिता सर्वांना वाचावयास खुली असून निवडीचा नियम तीत स्वच्छ मांडलेला आहे. एखाद्या ग्रंथाची चिकित्सा करावी, तशी या नियमाची करता येते.

नियम थोडक्यात असा : राउटर सुरू होताच एकेका चॅनेलवर कान देतो, सामान्यतः अशा पाच फेऱ्या होतात. ऐकण्याच्या एकूण काळापैकी किती काळ चॅनेल व्यग्र आढळले, याचे गुणोत्तर काढले जाते. त्या चॅनेलवरील गोंगाट पट्ट्यातील किमान गोंगाटापेक्षा जितका अधिक, तितके हे गुणोत्तर वाढविले जाते. ज्याचा आकडा सर्वांत लहान, ते चॅनेल पत्करावयाचे. शेजारच्या राउटरांची नुसती शिरगणती करण्यापेक्षा ही रीत निःसंशय सरस आहे. निजलेल्या दहा शेजाऱ्यांपेक्षा एक बडबड्या शेजारी अधिक जागा अडवितो.

तथापि या नियमात एक आकडा असा आहे, की जो मापनातून आलेला नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १, ६ व ११ या चॅनेलांचा आकडा ०.८ ने गुणला जातो. म्हणजे त्यांना झुकते माप मिळते. याचे कारण पट्ट्याच्या रचनेत आहे. तेथे लगतच्या चॅनेलांच्या मध्यांत अंतर ५ मेगाहर्ट्झचे, आणि प्रत्येकाची रुंदी मात्र सुमारे २० मेगाहर्ट्झ. दोन राउटर एकाच चॅनेलवर असले, तर ते परस्परांचा संकेत ओळखून पाळीपाळीने बोलतात. उणे ८२ डीबीएम इतक्या क्षीण पातळीवरही ही ओळख पटावी, अशी प्रमाणकाची अपेक्षा आहे. त्यांपैकी एक १ वर राहून दुसरा ३ वर गेला, की ओळख संपते आणि केवळ ऊर्जा जाणवते. तिच्यासाठी थांबण्याची मर्यादा मात्र उणे ६२. हा फरक २० डेसिबेलांचा, म्हणजे शक्तीच्या हिशेबाने शंभरपट. त्या दरम्यानच्या पातळीवर दोघेही एकमेकांवर ओरडत राहतात. व्यग्रतेच्या गुणोत्तरात मात्र उलटाच न्याय होतो. पाळी सांभाळणाऱ्या शेजाऱ्याचे बोलणे पुरते मोजले जाते, आणि मर्यादेखालची खरखर व्यग्रतेत धरलीच जात नाही. ०.८ हा गुणक म्हणजे मापनाच्या या बहिरेपणाची मूक कबुलीच होय. (अरुणेश मिश्रा, सुमन बॅनर्जी प्रभृतींनी २००६ मध्ये असेही दाखविले, की राउटर पुरेसे दूर असल्यास अंशतः एकमेकांवर येणारी चॅनेलेही उपयोगी पडतात. तेव्हा तीन चॅनेलांचा आग्रह हेही वेदवाक्य नव्हे.)

मापनाची वेळ हा दुसरा आक्षेप. महाराष्ट्रातील एखाद्या इमारतीत वीज जाऊन परत आली, की सारे राउटर जवळजवळ एकदमच जागे होतात. प्रत्येक जण शांततेत कान देतो, पट्टा मोकळा असल्याचे ठरवितो, आणि सर्वांची निवड एकाच चॅनेलावर पडण्याचा संभव वाढतो. संध्याकाळच्या गर्दीचा या साक्षीशी काहीच संबंध नसतो.

याहून गंभीर आक्षेप मापनाच्या जागेविषयी आहे. राउटर भिंतीवर, मोबाइल वा लॅपटॉप दोन खोल्या पलीकडे, शेजाऱ्याच्या भिंतीला लागून. शेजारच्या राउटरचा आवाज पहिल्याला ऐकू येत नाही, दुसऱ्याला मात्र तो झोडपून काढतो. राउटरच्या दृष्टीने चॅनेल मोकळे, वापरणाऱ्याच्या दृष्टीने तुंबलेले. ही उणीव गणित सुधारून भरून निघणारी नाही. मिश्रा, बॅनर्जी व आर्बो यांनी २००५ मध्ये हा प्रश्न आलेखाच्या रंगभरणीचा म्हणून मांडला : राउटर हे बिंदू, चॅनेल हे रंग, आणि दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेला व्यतिकरणाचे वजन. पुढल्याच वर्षी याच गटातील संशोधकांनी ग्राहक-उपकरणांना काय ऐकू येते, यावर आधारलेली निराळी मांडणी पुढे आणली. मतभेद कोठे होता, हे या दुसऱ्या पावलावरूनच कळते.

उपकरणांकडून अशी साक्ष मागविण्याची सोय २००८ च्या ८०२.११ के या प्रमाणकात झाली. परंतु होस्टएपीडीचा नियम निवड करतो आरंभी, जेव्हा एकही उपकरण जोडलेले नसते. साक्ष द्यावयास कोणी हजरच नाही. मागाहून चॅनेल बदलता येते, त्यासाठी राउटर आगाऊ सूचनाही प्रसृत करू शकतो. पण जी उपकरणे ती सूचना पाळत नाहीत, त्यांचा संबंध तुटतो आणि चालू असलेले संभाषण मध्येच थांबते. त्यामुळे सकाळी एकदा झालेली निवड, चुकीची असली तरी, बहुधा दिवसभर तशीच राहते.