होर्युजीची जळालेली भिंत : पटिसंखरणाचा एक विचार

भगवान बुद्धांच्या महापरिनिब्बाणानंतर राजगृहात पहिली संगीती भरली. तेथे जमलेल्या पाचशे थेरांनी सर्वप्रथम कोणते कार्य केले, असे विचारल्यास धम्म आणि विनय यांचे संगायन केले, असेच उत्तर बहुधा मिळेल. चुल्लवग्गातील वृत्तान्त मात्र निराळा आहे. वर्षावासाच्या पहिल्या महिन्यात थेरांनी मोडक्या व भेगाळलेल्या निवासांची दुरुस्ती केली आणि मधल्या महिन्यात ते संगायनासाठी एकत्र बसले. भगवंतांनी अशा दुरुस्तीची प्रशंसा केली होती, हेच कारण थेरांनी त्यासाठी दिले आहे. या कार्याला पालीत ‘खण्डफुल्लपटिसंखरण’ असा शब्द आहे.

हा शब्द विचार करण्यासारखा आहे. ‘पटिसंखरण’ या शब्दात ‘संखार’ आहे. जे घडविले गेले ते संखार. जे पुन्हा घडविले जाते ते पटिसंखरण. अर्थात दुरुस्त झालेली वस्तूही संखारच राहते. अनित्यतेच्या नियमातून ती सुटत नाही. म्हणून अनित्यतेचे नाव पुढे करून भग्न वस्तूकडे पाठ फिरविणाऱ्यास विनयाचा आधार मिळत नाही. आणि दुरुस्तीनंतर वस्तू जणू कधी भंगलीच नव्हती, असे भासविणाऱ्यासही तो मिळत नाही. भिक्खूच्या चीवराला ठिगळ लावण्याची व रफू करण्याची अनुज्ञा महावग्गात आहे. पाचांहून कमी सांधे असलेले पात्र टाकून नवे मिळविणाऱ्या भिक्खूस निस्सग्गिय पाचित्तिय दोष लागतो. हे नियम अल्पेच्छतेसाठी आहेत, कलाकृतींसाठी नाहीत, हे आम्ही जाणतो. तथापि त्यांमधून एक दृष्टी स्पष्ट होते. ठिगळ हे ठिगळ म्हणून दिसले तरी चीवराची प्रतिष्ठा कमी होत नाही. सांधा लपविण्याची गरज नाही. तो भक्कम असला म्हणजे पुरे.

ही दृष्टी घेऊन आपत्तीत नष्टप्राय झालेल्या एका थोर बौद्ध कलाकृतीकडे पाहण्याचा आमचा प्रयत्न आहे. ही कलाकृती म्हणजे जपानमधील नारा प्रांतातील होर्युजी विहाराच्या भिंतींवरील चित्रे.

होर्युजीची स्थापना सातव्या शतकाच्या आरंभी राजपुत्र शोतोकू याच्या पुढाकाराने झाली. तेथील ‘कोन्दो’ म्हणजे सुवर्णगृह ही जगातील सर्वांत प्राचीन लाकडी वास्तूंपैकी एक होय. १९९३ मध्ये होर्युजी परिसराचा जागतिक वारसा स्थळांच्या यादीत समावेश झाला. या सुवर्णगृहाच्या बाह्य दालनात बारा भिंतींवर सातव्या शतकाच्या अखेरीस किंवा आठव्याच्या आरंभी चित्रे रंगविली गेली. चार मोठ्या भिंतींवर बुद्धांची क्षेत्रे आणि आठ लहान भिंतींवर बोधिसत्त्व, अशी त्यांची योजना होती. सहाव्या भिंतीवरील अमिताभ व त्यांच्या बाजूचे बोधिसत्त्व ज्यांनी छायाचित्रांत पाहिले असतील, त्यांना अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. भारतातून मध्य आशिया व चीनमार्गे गेलेल्या चित्रपरंपरेचे ते पूर्वेकडील टोक होते.

२६ जानेवारी १९४९ रोजी पहाटे सुवर्णगृहाला आग लागली. त्या वेळी वास्तूच्या दुरुस्तीचे काम चालू होते. वरचा मजला व छप्पर उतरवून ठेवले होते आणि मूर्ती अन्यत्र हलविल्या होत्या, म्हणून ते सर्व वाचले. आतील दालनातील आकाशगामी अप्सरांची वीस लहान चित्रे आधीच काढून ठेवलेली असल्याने तीही बचावली. भिंतीवरील बारा मोठी चित्रे मात्र जागीच होती. त्यांचे रंग आगीने नाहीसे झाले. रेषा काही प्रमाणात उरल्या. आगीचे कारण निर्विवादपणे सिद्ध झाले नाही. परंतु चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी बसलेले चित्रकार थंडीत वापरीत असलेल्या, विजेवर तापणाऱ्या आसनाकडे संशयाचे बोट दाखविले गेले. तो संशय खरा असेल, तर ज्या कामाचा हेतू चित्रे जतन करण्याचा होता, त्याच कामाने ती हिरावून घेतली.

या आघातातून जपानने १९५० मध्ये सांस्कृतिक संपत्तीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि पुढे २६ जानेवारी हा दिवस अशा ठेव्यांच्या अग्निसंरक्षणासाठी पाळला जाऊ लागला. हे सर्वविदित आहे. आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रश्न असा, की जळालेल्या भिंतींचे काय केले गेले?

दोन गोष्टी केल्या गेल्या, आणि त्या एकमेकींपासून वेगळ्या ठेवल्या गेल्या. पहिली अशी, की जळालेल्या भिंती कृत्रिम राळ मुरवून घट्ट करण्यात आल्या, काळजीपूर्वक काढण्यात आल्या आणि करपलेल्या खांबांसह मूळ मांडणीनुसार स्वतंत्र संग्रहगृहात उभ्या करण्यात आल्या. त्यांच्यावर कोणी नवा रंग चढविला नाही. दुसरी अशी, की १९५४ मध्ये पूर्ण झालेल्या सुवर्णगृहाच्या रिकाम्या भिंतींवर १९६८ मध्ये नव्याने रंगविलेल्या प्रतिकृती बसविण्यात आल्या. यासुदा युकिहिको, माएदा सेइसोन यांसारख्या ज्येष्ठ चित्रकारांच्या नेतृत्वाखाली चौदा चित्रकारांनी त्या तयार केल्या. क्योतो येथील बेनरिदो या मुद्रणसंस्थेने १९३५ मध्ये काचेच्या निगेटिव्हवर मूळ आकारात घेतलेली छायाचित्रे त्यांच्या कामाचा पाया ठरली. ती छायाचित्रे नसती, तर या प्रतिकृती केवळ कल्पनाविलास ठरल्या असत्या.

आमच्या मते या निर्णयाचे मोठेपण या विभागणीत आहे. जळालेली भिंत साक्ष देते, प्रतिकृती दर्शन घडविते. उपासकाला सुवर्णगृहात बुद्धक्षेत्र दिसावे ही गरज खरी आहे. आणि काय घडले हे पुढील पिढीला कळावे ही गरजही तितकीच खरी आहे. जळालेल्या भिंतीवरच रंग चढवून दोन्ही गरजा एकाच वेळी भागविण्याचा मोह कोणालाही झाला असता. तसे झाले असते, तर उरलेल्या मूळ रेषाही गेल्या असत्या आणि तेथे काही घडलेच नाही, असे ती भिंत सांगत राहिली असती. ‘यथाभूत’ पाहणे हे ज्या धम्माचे मर्म आहे, त्या धम्माच्या विहारात ही असत्याची भिंत शोभली नसती.

तुलनेसाठी इटलीतील उदाहरण घेता येईल. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीच्या महापुरात फ्लॉरेन्स शहर बुडाले. सांता क्रोचे येथील, चिमाबुए याने तेराव्या शतकात रंगविलेल्या क्रूसाचा सुमारे ६० टक्के रंग वाहून गेला. सुमारे दहा वर्षांच्या कामानंतर तज्ज्ञांनी तो पुन्हा लोकांपुढे ठेवला. रंग गेलेल्या जागी त्यांनी चेहरा वा वस्त्र अंदाजाने रंगविले नाही. अनेक रंगांच्या बारीक रेषांचे जाळे त्यांनी तेथे भरले. दुरून पाहणाऱ्याची दृष्टी अडखळत नाही. जवळ गेल्यावर मात्र मूळ कोणते आणि भर कोणती, हे कोणालाही ओळखता येते. हेही एका अर्थी चीवराचे ठिगळच आहे. येथे साक्ष आणि दर्शन एकाच वस्तूत नांदतात. होर्युजीच्या भिंतीत रंगच उरला नव्हता, म्हणून तेथे वेगळा मार्ग घ्यावा लागला. परंतु दोन्ही ठिकाणी प्रामाणिकपणाचा नियम एकच आहे.

हा नियम सुटला म्हणजे काय होते, हे अजिंठ्याने दाखविले आहे. अजिंठा आणि होर्युजी यांना जोडणारा एक चित्रकारही आहे. आराई काम्पो हे रवींद्रनाथ टागोरांच्या निमंत्रणावरून १९१६ मध्ये भारतात आले व त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. १९२३ च्या कान्तो भूकंपात त्या तोक्यो येथे नष्ट झाल्या. पुढे १९४० मध्ये होर्युजीच्या चित्रांच्या प्रतिकृतींचे काम सुरू झाले, त्यातही ते होते. १९४५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या आधी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या अजिंठ्याच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत, आणि ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी केलेल्या अनेक प्रतिकृती १८८५ मध्ये लंडनमधीलच आगीत जळाल्या होत्या. प्रतिकृतीही संखारच, हे याहून स्पष्ट कोण सांगणार?

मूळ चित्रांचे मात्र जतनाच्या नावाखालीच नुकसान झाले. निजाम सरकारने बोलाविलेल्या लोरेन्झो चेक्कोनी व त्यांच्या सहकाऱ्याने १९२० ते १९२२ या काळात सुटणारा रंग घट्ट बसविण्यासाठी चित्रांवर लाखेचा लेप दिला. गळून पडणारे अनेक भाग त्यांनी वाचविले, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु तो लेप कालांतराने पिवळा व काळसर झाला, त्यावर धूळ व काजळी बसली, आणि मूळ रंग झाकले गेले. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना तो लेप उतरविण्यात दीर्घकाळ खर्चावा लागला. आज आपण ज्याला अजिंठ्याचा तपकिरी रंग समजतो, त्यातील काही भाग त्या लेपाचा आहे. चेक्कोनी यांच्या हेतूत खोट नव्हती. जे लावले ते पुढे कोणाला काढावे लागेल, हा विचार अपुरा पडला. आजच्या तज्ज्ञांनी, भर अशी घालावी की ती पुढे काढता यावी, हा दंडक मानला आहे.

या दंडकाने पाहिल्यास होर्युजीचेही काम निर्दोष ठरत नाही. भिंतीत मुरविलेली राळ व्यवहारतः परत काढता येत नाही. त्या क्षणी भुगा होऊ पाहणाऱ्या भिंतीला दुसरा उपाय नव्हता, हे मान्य केले तरी पुढील पिढीचे हात त्यामुळे बांधले गेले. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रतिकृती सर्वांना दिसतात, तर जळालेल्या भिंतींचे संग्रहगृह सर्वसाधारण दर्शकांसाठी नित्य खुले नसते. हवा, प्रकाश व आर्द्रता यांच्या कारणाने हे आवश्यक असेल. परंतु दर्शन सर्वांसाठी आणि साक्ष थोड्यांसाठी, अशी वाटणी झाली की विभागणीतील सत्यच दुबळे होते. साक्ष कोणी ऐकणारा असेल तरच ती साक्ष.

हा विषय दूरच्या विहारापुरता नाही. २६ जुलै २००५ चा मुंबईतील प्रलय आणि २०१९ व २०२१ चे कोल्हापूर-सांगलीकडील महापूर आपल्या वस्त्यांनी सोसले आहेत. १९५६ च्या धम्मदीक्षेच्या काळातील एखादे छायाचित्र, जुन्या सभेचे पत्रक, आजोबांच्या हस्ताक्षरातील वही, हेच आपल्या अनेक घरांचे संग्रहालय असते. असे छायाचित्र भिजले तर ते पुसू नये, घासू नये, कडक उन्हात टाकू नये. चिखल असेल तर स्वच्छ थंड पाण्यात अलगद धुवावे आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवावे. त्यानंतर त्याची प्रत जरूर काढावी, संगणकावर ती हवी तशी उजळावी. परंतु डाग पडलेले मूळ फेकून देऊ नये. रंगविलेल्या प्रतीत आजोबांच्या अंगावर नवा कोट येतो, आणि त्यांनी त्या दिवशी घातलेला विरलेला सदरा नाहीसा होतो. आमच्या इतिहासाला त्या सदऱ्याची गरज आहे.

राजगृहाच्या थेरांनी आधी निवास दुरुस्त केले आणि मग वचने जतन केली. दोन्ही कामांत निष्ठा एकच होती. जे मिळाले ते पुढे द्यावे. आणि जे आपण घातले, ते मूळचे आहे असे सांगू नये.